कॉलेजचा शोध नववीतच सुरू करावा: सीमाभागातील पालकांसाठी

कॉलेजचा शोध केव्हा सुरू करावा, हा प्रश्न मला दरवर्षी मे महिन्यात विचारला जातो. एस.एस.एल.सी.चा, म्हणजे दहावीचा निकाल नुकताच लागलेला असतो, पी.यू., म्हणजे अकरावी-बारावीच्या कॉलेजांच्या प्रवेशासाठी हातात थोडेच दिवस असतात आणि आई-वडील मुलाला घेऊन शाळेत येतात. मी कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये गणित शिकवते. त्या वेळी मी जमेल तेवढे सांगते; परंतु मुलाचे नाव कागदोपत्री कसे लागले आहे, त्याने कोणत्या गावच्या शाळेत किती वर्षे काढली, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला काढलेला आहे की नाही, इंग्रजीतून विज्ञान वाचण्याची त्याला थोडी तरी सवय आहे का, या गोष्टी तोपर्यंत ठरून गेलेल्या असतात आणि पुढच्या प्रवेशाचा निम्मा निकाल त्यांनीच लावलेला असतो. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की आपल्या भागात हा शोध नववीच्या जूनमध्ये सुरू व्हावा, आणि कागदपत्रांपुरता तर आठवीतच.

नववीतल्या मुलाने डॉक्टर व्हायचे की इंजिनीअर, हे ठरवून टाकावे, असे मी म्हणत नाही. चौदा वर्षांच्या मुलाला ते ठरवता येत नाही आणि त्याला ठरवायला लावूही नये. नियम समजून घेणे, कागद जमवणे, अंतराचा आणि खर्चाचा अंदाज घेणे, हे काम मोठ्यांचे आहे. मुलाने त्या दोन वर्षांत नीट शिकावे, चार कॉलेजे डोळ्यांनी पाहावीत आणि आपले मन कशात रमते याकडे लक्ष द्यावे, एवढे पुरे.

पुण्यातल्या किंवा बंगळूरमधल्या पालकांना इतक्या लवकर जागे होण्याची गरज कदाचित भासत नसेल. त्यांच्या मुलाचे राज्य एक, बोर्ड एक, शाळेची आणि कचेरीची भाषा बहुधा एकच. आपल्याकडे शाळा मराठीत, दाखले कन्नडमध्ये आणि कॉलेज इंग्रजीत, अशी स्थिती आहे. निपाणीच्या मुलाला कोल्हापूर चाळीसेक किलोमीटरवर आणि बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर. कारवारच्या मुलाला गोवा जवळ. भालकी-औरादच्या मुलाला उदगीर आणि लातूर जवळ. घराजवळचे कॉलेज दुसऱ्या राज्यात असते आणि आपल्या राज्यातले कॉलेज पाचशे किलोमीटरवर असते, असे आपल्याकडे सहज घडते. कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाची सीईटी (सामायिक प्रवेश परीक्षा), खासगी अभियांत्रिकी कॉलेजांची कॉमेड-के, महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी, शिवाय देशपातळीवरील अभियांत्रिकीची जेईई आणि वैद्यकीयची नीट, या प्रत्येक परीक्षेचे आणि तिच्यामागून येणाऱ्या प्रवेशाचे नियम निरनिराळे आहेत. ते एका मे महिन्यात समजून घेणे कोणालाही शक्य नाही.

सर्वांत आधी ग्रामीण आरक्षणाविषयी लिहिते, कारण त्याची किंमत लोकांना फार उशिरा कळते. कर्नाटकात सीईटीमार्फत होणाऱ्या व्यावसायिक प्रवेशांत पंधरा टक्के जागा ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी राखीव असतात, आणि त्यासाठी पहिली ते दहावी ही दहाही वर्षे राज्यातील ग्रामीण भागातील शाळेत शिकलेली असावी लागतात. दहातले एक वर्षही कमी चालत नाही. आता आपल्या गावांत नेमके काय होते ते पाहा. मूल सातवीपर्यंत गावच्या शाळेत शिकते, हुशार निघते आणि घरचे त्याला ‘चांगल्या शाळेत’ म्हणून आठवीला बेळगाव शहरात नेऊन घालतात. हेतू उत्तमच असतो. परंतु त्या एका निर्णयाने पुढची ग्रामीण जागा गेली, हे त्या वेळी घरात कोणाच्या गावीही नसते, आणि पाच वर्षांनी सीईटीचा अर्ज भरताना ते समजते, तेव्हा काही करता येत नाही. केवळ आरक्षणासाठी मुलाला एखाद्या शिक्षक नसलेल्या शाळेत डांबून ठेवावे, असे मी कधीच सांगणार नाही. पण गावातले हायस्कूल बरे चालत असेल, गणित आणि विज्ञानाला शिक्षक असतील, तर शहराची वाट धरण्यापूर्वी हा हिशेब मांडलाच पाहिजे. शाळा नगरपंचायतीच्या हद्दीत असेल, तर ती ग्रामीण धरली जाते की नाही, हे ऐकीव माहितीवर न ठेवता बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयात जाऊन विचारून घ्यावे.

याला जोडूनच एक गोष्ट. पहिली ते दहावी कन्नड माध्यमातून शिकलेल्यांसाठी सीईटीत पाच टक्के जागा वेगळ्या असतात. आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांना तो लाभ मिळत नाही. ग्रामीण आरक्षण मात्र माध्यम मराठी असले तरी मिळते. काही पालक या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि मराठी शाळेत घातल्यामुळे सगळेच गेले असे समजून बसतात. तसे नाही. मुलाचा पाया मातृभाषेत पक्का होतो, हे मी रोज वर्गात पाहते, आणि मराठी शाळेतून आलेल्या मुलाला ग्रामीण जागेवर प्रवेश मिळण्यात कोणतीही आडकाठी नाही.

आता कागदांकडे वळते. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून मिळतो आणि त्यावर आर.डी. या अक्षरांनी सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक असतो. सीईटीचा अर्ज भरताना हाच क्रमांक लिहावा लागतो आणि तो टाकल्यावर पडद्यावर जे नाव उमटते, ते मुलाच्या अर्जातील नावाशी जुळले नाही, की खरी अडचण सुरू होते. आमच्या भागात हे सर्रास घडते, कारण एकाच मुलाचे नाव तीन लिप्यांतून प्रवास करते. शाळेच्या नोंदवहीत ते मराठी वळणाने, म्हणजे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे असते. दाखल्यावर कन्नडमध्ये आडनाव आधी येते किंवा गळते. आधार कार्डावर इंग्रजीत एखादे अक्षर कमी-जास्त होते. माझ्या वर्गातील एका मुलीच्या आधारवर वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर होते, शाळेत पूर्ण नाव होते आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर आजोबांचे नाव वडिलांच्या जागी छापले गेले होते. ती तेव्हा आठवीत होती, म्हणून तिच्या आईने दोन-तीन फेऱ्या मारून सगळे जुळवून घेतले आणि विषय संपला. हेच बारावीच्या फेब्रुवारीत उघडकीस आले असते, तर परीक्षेच्या तोंडावर त्या घराची काय अवस्था झाली असती, याची कल्पना मी करू शकते.

म्हणून मी आठवीच्या पालकसभेत एकच आग्रह धरते. शाळेच्या नोंदवहीतील नाव, जन्मतारीख, जात आणि मातृभाषा या नोंदी स्वतः येऊन वाचाव्यात, सोबत आधार कार्ड आणावे आणि शाळेच्या ऑनलाइन नोंदीतील सॅट्स क्रमांक आपल्याकडे लिहून ठेवावा. दहावीच्या वर्षी शाळा मुलांची माहिती बोर्डाकडे पाठवते आणि एकदा ती गुणपत्रिकेवर छापली गेली, की दुरुस्तीसाठी लागणारा वेळ आणि मनस्ताप कितीतरी पटींनी वाढतो. मातृभाषेच्या नोंदीचे महत्त्व पुढे महाराष्ट्राच्या संदर्भात येईलच.

आठवीतच आणखी एक संधी असते आणि ती सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांसाठीच आहे. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा, जिला सगळे एनएमएमएस म्हणतात, ती आठवीत द्यायची असते. निवड झाली तर नववी ते बारावी अशी चार वर्षे दरसाल १२,००० रुपये मिळतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते. पी.यू.सी.ची दोन वर्षे बेळगावात राहून किंवा रोज जाऊन-येऊन करायची असतील, तर हा पैसा शेतकरी किंवा गवंडीकाम करणाऱ्या घराला मोठा आधार ठरतो. नववीत जागे होणाऱ्याला ही परीक्षा देता येत नाही.

यानंतरचा प्रश्न पी.यू. कॉलेजचा आहे, आणि माझ्या मते संपूर्ण शोधातला हाच सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. आपल्याकडे लोक ‘मोठे कॉलेज’ म्हणजे पदवीचे कॉलेज धरतात आणि अकरावी-बारावीला मधला मुक्काम समजतात. वास्तविक मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचे नशीब फर्स्ट पी.यू.सी.च्या, म्हणजे अकरावीच्या पहिल्या चार महिन्यांत ठरते. दहावीपर्यंत त्याने विज्ञान आणि गणित मराठीत शिकलेले असते आणि जूनमध्ये अचानक प्रत्येक संज्ञा, प्रत्येक व्याख्या इंग्रजीत येऊन कोसळते. मागे एकदा आमची एक माजी विद्यार्थिनी दसऱ्याच्या सुट्टीत भेटायला आली होती. तिची भौतिकशास्त्राची वही मी चाळली. जून-जुलैच्या पानांवर समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत मराठी शब्द लिहिलेले होते, काही ओळी अर्धवट सुटलेल्या होत्या आणि उदाहरणे मात्र जवळपास सगळी बरोबर सोडवलेली होती. ऑगस्टपासून समास मोकळा होत गेला होता. तिला गणित कळत होते, भौतिकशास्त्रही कळत होते. तिचा सगळा शीण फक्त वर्गातल्या भाषणाचा पाठलाग करण्यात गेला होता. तिने नेटाने तो काळ पार केला. तिच्याबरोबर गेलेल्या दोन मुलांनी दिवाळीपूर्वीच कला शाखेकडे वळून घेतले. कला शाखा त्यांना मनापासून हवी होती म्हणून ते गेले असते, तर मला आनंदच वाटला असता.

हे टाळण्यासाठी नववीच्या जूनपासून आठवड्यातून दोन-तीन वेळा विज्ञानाच्या इंग्रजी पुस्तकातील तोच धडा मराठीच्या शेजारी ठेवून वाचावा. राज्याची पाठ्यपुस्तके दोन्ही माध्यमांत उपलब्ध असतात आणि इंग्रजी प्रती संकेतस्थळावरून विनामूल्य मिळतात. दोन वर्षे असे वाचन झाले, तर जूनचा तो धक्का पुष्कळ सौम्य होतो. दहावीच्या सुट्टीत महिनाभराचा इंग्रजीचा वर्ग लावून हे साधत नाही, हे मी अनेक मुलांच्या बाबतीत पाहिले आहे.

पी.यू. कॉलेज निवडताना नुसता निकालाचा फलक पाहू नये. मराठी माध्यमातून आलेली मुले तिथे किती आहेत आणि त्यांच्यासाठी सुरुवातीला काही वेगळे वर्ग घेतले जातात का, इंग्रजीबरोबर दुसरी भाषा म्हणून मराठी घेता येते का, प्रयोगशाळेत मुलांच्या हाती साहित्य येते का, शेवटचा तास किती वाजता संपतो आणि त्यानंतर गावाकडे बस आहे का, हे प्रश्न विचारावेत. बेळगावात टिळकवाडीतील आर.पी.डी. आणि जी.एस.एस., के.एल.ई.चे लिंगराज, दक्षिण महाराष्ट्र शिक्षण मंडळाचे ज्योती, मराठा मंडळाची कॉलेजे, अशी जुनी आणि नावाजलेली नावे आहेत. प्रत्येकाची शिस्त आणि वातावरण वेगळे आहे आणि ते तिथे जाऊनच कळते. बसचा प्रश्न मी मुद्दाम लिहिते आहे. जांबोटी किंवा नंदगडच्या बाजूच्या आतल्या गावातून रोज बेळगावला येणाऱ्या मुलाचे दिवसाचे तीन ते चार तास रस्त्यावर जातात, आणि पी.यू.सी.ला पंचाहत्तर टक्के हजेरी सक्तीची आहे. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे मुलींचा राज्यांतर्गत साध्या बसचा प्रवास विनामूल्य झाला, आणि ज्या घरांत मुलीला दहावीनंतर थांबवण्याचा विचार होता, तिथे निदान बसभाड्याचे कारण उरले नाही. ही सवलत कोल्हापूरला रोज ये-जा करणाऱ्या मुलीला सीमेपलीकडे मिळत नाही, हेही निपाणीकरांनी ध्यानात ठेवावे.

विषयांच्या गटाबद्दल थोडक्यात. पी.सी.एम.बी. (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र) घेतले तर अभियांत्रिकी, वैद्यकीय, कृषी, पशुवैद्यकीय, औषधनिर्माण असे सगळे दरवाजे उघडे राहतात, पण चार जड विषयांचा भार वाहावा लागतो. पी.सी.एम.सी. म्हणजे जीवशास्त्राच्या जागी संगणक. त्यात नीटचा आणि पशुवैद्यकीयचा मार्ग बंद होतो. ज्या मुलाला जीवशास्त्राचा कंटाळा आहे, त्याला ‘असू दे, पुढे उपयोगी पडेल’ म्हणून पी.सी.एम.बी.त घालू नये. दहावीच्या वर्षात त्याला कोणत्या विषयाचे पुस्तक न सांगता उघडावेसे वाटते, एवढे जरी घरातल्यांनी पाहिले, तरी हा निर्णय सोपा होतो.

यापुढचा एक नियम पालकांनी अकरावीत पाऊल टाकण्यापूर्वीच जाणून घ्यावा. कर्नाटकात अभियांत्रिकीचा गुणवत्ता क्रमांक काढताना सीईटीचे गुण आणि बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित यांचे गुण समसमान धरले जातात. महाराष्ट्रात क्रमांक प्रवेश परीक्षेवरून लागतो आणि बारावीत ठरावीक टक्क्यांची पात्रता पुरते. एनआयटीसाठी (केंद्राच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांसाठी) जेईईचा क्रमांक लागतो, परंतु बारावीत पंचाहत्तर टक्के किंवा बोर्डातील वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये स्थान असावे लागते. म्हणजे बोर्डाच्या परीक्षेत लिहून गुण मिळवणारे, संथपणे पण नीट अभ्यास करणारे जे मूल असते, त्याला कर्नाटकाची पद्धत अनुकूल आहे. अशा मुलाला केवळ लोक जातात म्हणून कॉलेज आणि प्रवेश परीक्षेची तयारी एकत्र चालवणाऱ्या, मोठ्या फीच्या ‘इंटिग्रेटेड’ वर्गात पाठवून बोर्डाच्या अभ्यासाकडे दुर्लक्ष करायला लावणे मला अजिबात पटत नाही.

एनआयटीचा उल्लेख आला म्हणून आणखी एक. तिथल्या निम्म्या जागा त्या-त्या राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात आणि विद्यार्थ्याचे राज्य ठरते ते त्याने बारावी कुठून केली यावरून. आपल्या मुलाने दहावीनंतर कोल्हापुरात अकरावी-बारावी केली, तर सुरतकलच्या एनआयटीतील कर्नाटकाच्या जागांवरचा त्याचा हक्क जातो आणि नागपूरच्या व्हीएनआयटीतील महाराष्ट्राच्या जागांवर त्याचा हक्क लागतो. कर्नाटक सीईटीचा नियम निराळा आहे: पहिली ते बारावीपैकी किमान सात वर्षे कर्नाटकात शिक्षण आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा कर्नाटकातून उत्तीर्ण, ही तिथली मुख्य अट आहे. त्यामुळे दोन वर्षे कोल्हापूरला गेलेल्या मुलाला कर्नाटकाची दारे बंद होतात, ही समजूत बरोबर नाही. तरीही त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय पाऊल उचलू नये.

आता महाराष्ट्राकडे. महाराष्ट्राने हक्क सांगितलेल्या कर्नाटकातील ८६५ गावांचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या दाव्याचे जे व्हायचे ते होईल. दरम्यान आपल्या मुलांसाठी एक तरतूद कागदावर आहे आणि ती वापरणारी मुले माझ्या पाहण्यात फार थोडी आहेत. महाराष्ट्रातील अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेशात राज्यातील उमेदवारांचे अ ते ई असे प्रकार केलेले आहेत. त्यातला ई प्रकार विवादित सीमाभागातील मान्यताप्राप्त संस्थेतून परीक्षा उत्तीर्ण झालेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. अशा विद्यार्थ्याला परराज्यातील न मानता महाराष्ट्राचा उमेदवार मानले जाते. त्यासाठी आपण सीमाभागातील आहोत आणि आपली मातृभाषा मराठी आहे, अशी दोन प्रमाणपत्रे ठरलेल्या नमुन्यात लागतात. शाळेच्या नोंदवहीतील मातृभाषेचा रकाना आठवीत तपासा, असे मी वर म्हटले ते यासाठीच. वैद्यकीय प्रवेशातही या भागासाठी महाराष्ट्राने थोड्या जागा ठेवलेल्या आहेत, आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने सीमाभागातील विद्यार्थ्यांना सवलती देऊ केल्या आहेत. हे सर्व मिळवायचे तर नमुने, सह्या आणि तारखा यांची चौकशी अकरावीच्या वर्षात व्हायला हवी.

जातीच्या प्रवर्गाबाबत मात्र सावध राहावे. कर्नाटकात मराठा समाज मागासवर्गीयांच्या ३-ब प्रवर्गात मोडतो. महाराष्ट्रात २०२४ च्या कायद्याने त्याला एस.ई.बी.सी. (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) म्हणून दहा टक्के आरक्षण आहे. केंद्राची यादी या दोहोंपेक्षा वेगळी आहे. एका राज्याचा दाखला दुसऱ्या राज्यात चालेल असे कोणीही गृहीत धरू नये. महाराष्ट्रात आरक्षित जागेसाठी जात पडताळणीचे प्रमाणपत्र लागते आणि त्याला बराच वेळ जातो, हे तिथल्या पालकांनाही चांगले ठाऊक आहे.

नीट देणाऱ्यांसाठी एक छोटी पण कामाची बाब आहे. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही निघते, परंतु ती महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते. बेळगावचे केंद्र निवडणाऱ्या मुलाला इंग्रजी, हिंदी, उर्दू किंवा कन्नड यांतूनच निवड करावी लागते.

बिदरकडील वाचकांसाठी एवढेच सांगते की तुमचा जिल्हा राज्यघटनेच्या कलम ३७१-जे खाली, म्हणजे कल्याण-कर्नाटक भागासाठीच्या विशेष तरतुदीखाली येतो, बेळगाव आणि कारवार येत नाहीत. त्या भागातील संस्थांत सत्तर टक्के आणि उर्वरित राज्यातील संस्थांत आठ टक्के जागा स्थानिकांसाठी असतात. त्याचे पात्रता प्रमाणपत्र वेगळे काढावे लागते आणि तेही दहावीपूर्वी हाती असावे.

सगळ्यांनी अभियांत्रिकी आणि वैद्यकीय यांच्याच मागे लागावे, असे मला वाटत नाही. दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा करून डीसीईटी या डिप्लोमाधारकांच्या प्रवेश परीक्षेद्वारे अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, आणि हाताने काम करण्याची आवड असलेल्या मुलाला हा मार्ग अकरावी-बारावीपेक्षा अनेकदा अधिक मानवतो. धारवाडच्या कृषी विद्यापीठातील पदवीसाठी शेतकरी कुटुंबातील मुलांना राखीव जागा आहेत आणि त्यासाठी प्रात्यक्षिक परीक्षा होते; ज्या मुलाने लहानपणापासून भाताची रोपलावण आणि उसाची लागण पाहिली आहे, त्याने हा विचार जरूर करावा. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की कर्नाटकात २०२४-२५ पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली आहे, तर महाराष्ट्रात चौथ्या वर्षाचा पर्याय आहे. पुढे पदव्युत्तर शिक्षणासाठी सीमा ओलांडायची असेल, तर या फरकाची चौकशी आधीच करावी.

प्रत्यक्ष कॉलेजे पाहण्यासाठी अकरावीची दिवाळीची सुट्टी मला सर्वांत योग्य वाटते. मुलाला स्वतःच्या विषयांचा अंदाज आलेला असतो आणि बारावीचा ताण अजून सुरू झालेला नसतो. मात्र ऐन सणात न जाता कॉलेज चालू असेल असा दिवस निवडावा. बेळगावातच पाहण्यासारखे पुष्कळ आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आपल्या दाराशी आहे, के.एल.एस.चे गोगटे तंत्रज्ञान महाविद्यालय १९७९ पासून आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ही नावे आपली मुले बसच्या खिडकीतून वाचतात, पण फाटकाच्या आत गेलेली नसतात. आत गेल्यावर तिथे शिकणाऱ्या एखाद्या मराठी मुला-मुलीशी बोलावे, आपल्याला हव्या असलेल्या शाखेला एनबीएची (तांत्रिक अभ्यासक्रमांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे का ते विचारावे, वसतिगृहाच्या खोल्या आणि जेवणघर पाहावे, आणि फीबरोबर वर्षभरात आणखी काय काय भरावे लागते याचा आकडा लेखी मागावा. कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मागील वर्षांचे शेवटचे क्रमांक प्रवर्गनिहाय दिलेले असतात. ते अकरावीतच एकदा उतरवून काढले, तर कोणते कॉलेज आवाक्यात आहे हे शेजाऱ्यांच्या सांगण्यापेक्षा कितीतरी अचूक कळते.

बारावीत नव्याने शोधण्यासारखे फारसे उरू नये. जानेवारीत जेईईचे पहिले सत्र, त्याच सुमारास सीईटीचे अर्ज, मार्चमध्ये बोर्ड, एप्रिलमध्ये सीईटी, मेमध्ये नीट आणि कॉमेड-के, असे ते महिने एकाला एक लागून येतात. त्यात मुलाने अभ्यास करावा आणि वडीलधाऱ्यांनी तारखा सांभाळाव्यात. निकालानंतर कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांच्या प्रवेशफेऱ्या साधारण एकाच काळात चालतात. इथे मिळालेली जागा स्वीकारून फी भरली आणि मूळ कागद कॉलेजात जमा झाले, की कोल्हापूर-सांगलीच्या फेरीसाठी हातात काही उरत नाही, म्हणून कागदांचे साक्षांकित संच आधीच करून ठेवावेत. प्रवेश कोणत्या तारखेपर्यंत रद्द केल्यास फी परत मिळते, ते फी भरण्यापूर्वी विचारून घ्यावे आणि लेखी स्वरूपात आपल्याजवळ ठेवावे.